हजेरीला ‘हाय’

हामामात्सू, जपान
२४ जून

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. तुझा नुसता म्हणायचा, आवाज सगळा तुझ्या चौथीच्या वर्गाचाच होता. ‘मावशी, जपानची पोरं दिवसभर शाळेत काय करतात?’ असं एकानं विचारलं आणि मागनं दुसरा ओरडला, ‘तिथं मारतात काय?’ आधी दुसऱ्याचं उत्तर देऊन टाकते: नाही मारत. उरलेलं सविस्तर लिहिते. तू म्हणालीस कागदावर लिही, वर्गात वाचून दाखवते, पोरांना पत्र म्हणजे काय ते तरी कळेल. म्हणून पेन शोधून बसले आहे. वाचताना मधलं मधलं गाळ. काही तुझ्यासाठी आहे, काही आईसाठी. आई सध्या तुझ्याकडंच आहे ना? पाऊस सरेपर्यंत तिला गावाकडं सोडू नको. ‘चंदगडचा पाऊस काय कमी आहे काय’ असं ती म्हणेल, पण तुझं घर स्लॅबचं आहे.

पाऊस इथंही लागलाय. ‘त्सुयु’ म्हणतात त्याला, आणि टीव्हीवर रोज त्याची काळजी करतात. मलप्रभा जिथं उगवते त्या कणकुंबीच्या अंगाला वाढलेल्या माणसाला हा पाऊस म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्यानं हात झटकल्यासारखा. पण छत्र्या मात्र प्रत्येकाकडं.

तर सकाळ. साडेसातला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर नऊ पोरं जमतात. आईबापांनी गाडीवरून सोडायचं नाही, पोरांनी मिळून चालत जायचं. पुढं सहावीतला एक मुलगा, त्याला ‘हानचो’ म्हणतात, म्हणजे टोळीचा म्होरक्या. त्याच्या मागं सगळ्यांत बारकी पोरं आणि शेपटाला पुन्हा एक मोठं. पहिलीतल्यांना पिवळी टोपी आणि दप्तरावर पिवळं कव्हर, गाडीवाल्याला लांबनं दिसावं म्हणून. चौकात कुणीतरी पालक पिवळा झेंडा धरून उभा. माझी पाळी महिन्यातून एकदा येते. झेंडा आडवा धरला की मोठाले ट्रकसुद्धा मुकाट थांबतात. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला फौजदार झाल्यासारखं वाटतं.

ही रांग मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हसूच आलं. हानचो म्हणजे तूच की! वाडीवरनं शाळेपर्यंतची ती वाट, भाताचे बांध, मध्ये ओढा, ओढ्यावर साकव. सात-आठ पोरं, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, आणि पुढं तू, हातात काठी. काठी सापासाठी असं तू आईला सांगायचीस आणि वापरायचीस आमच्यावर. साकवापाशी आलं की एकेकाचं नाव घेऊन हाताला धरून पलीकडं न्यायचीस. मला नेहमी शेवटी. कारण मी रडायची आणि माझं बघून बाकीची रडतील. इथल्या पोरांच्या दप्तराला एक छोटं यंत्र लटकवलेलं असतं, कुणी त्रास दिला तर दोरी ओढायची, भोंगा वाजतो. आपल्याला भोंगा नव्हता. ‘जंगलात अस्वल दिसलंय’ असं कुणी म्हटलं की तूच एवढ्या मोठ्यानं परवचा म्हणायला लावायचीस की अस्वल गोव्याला गेलं असेल.

दप्तराचं थोडक्यात सांगते. ‘रांदोसेरू’ म्हणतात, चामड्याची पेटीच ती, रिकामी असतानाच किलोभराच्या पुढं. पहिलीत घेतलेलं सहावीपर्यंत वापरायचं. किंमत सांगत नाही, आई ऐकेल. आम्ही शेजारच्या मुलीचं जुनं घेतलं.

शाळेत गेल्यावर बाहेरचे बूट फडताळात आणि आतले पांढरे कापडी बूट पायांत. मग हजेरी. आणि इथंच मला तुला एक गंमत सांगायची आहे.

माझी लेक बाय पहिलीत गेली तेव्हा पहिले चार दिवस मला वर्गात मागं उभं राहू दिलं होतं. पोरीला जपानीचा एक शब्द येत नव्हता. येऊन दोनच महिने झाले होते. बाई एकेक नाव घेत होत्या आणि पोरं ‘हाय, गेन्की देस्’ म्हणत होती. म्हणजे ‘हो, मी बरी आहे’. हजेरीतच तब्येतही विचारून घेतात, कुणाला सर्दी असली तर तो तसं सांगतो. हिचं नाव आलं. माझ्या पोटात गोळा. आणि ही आपली उभी राहून मोठ्यानं म्हणाली, ‘हाय!’

आक्का, ते जपानी नव्हतं गं. ते आपलं ‘हाय’ होतं. सुट्टीत गावाकडं दादाच्या पोरात खेळून शिकलेलं. ‘आहेस काय?’ ‘हाय!’ बाईंनी नाव घेतलं, ही म्हणाली मी हाय इथं. बाईंना वाटलं पोरगी पहिल्याच दिवशी जपानी बोलली, त्यांनी टाळी वाजवली. ह्यांना सांगितलं तर नाशिककर माणूस, म्हणाले, ‘बघ, मी म्हणत होतो ना, “आहे” म्हणायला शिकव!’ लग्नापासून माझ्या ‘काय करूलास’ला हसतात. त्या दिवशी मी त्यांना चांगलंच ऐकवलं. शुद्ध ‘आहे’नं काय झालं असतं?

शाळेत नाव घालतानाचीही एक गोष्ट राहिली. अर्जात रकाना होता, घरी कुठली भाषा बोलता? मी मराठी लिहिलं. तिथल्या माणसानं माझा पासपोर्ट बघितला, जन्मठिकाण बेळगाव, कर्नाटक. त्यानं मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि अदबीनं विचारलं, कर्नाटकात कन्नड ना? मी म्हटलं हो. मग मराठी? मी म्हटलं तेही. यातलं बरोबर कुठलं? दोन्ही. १९५६ पासूनचं सीमावादाचं भिजत घोंगडं त्या दोन बोटांच्या रकान्यात कसं वाळत घालायचं, तूच सांग. शेवटी त्यानं ‘मराठी’वर गोल केला. मला उगीचच १ नोव्हेंबर आठवला. शाळेत कर्नाटक राज्योत्सव, लाल-पिवळा झेंडा, हातावर साखरेच्या गोळ्या. आणि त्याच सकाळी बाबा दंडाला काळी फीत बांधून बेळगावच्या सायकल फेरीला निघालेले. फीत बांधता बांधता आपल्याला म्हणायचे, ‘शाळा चुकवू नका गं. हजेरी लागली पाहिजे.’

तास पंचेचाळीस मिनिटांचे. दुसऱ्या तासानंतर वीस मिनिटांची सुट्टी, तेव्हा वर्गात कुणी बसत नाही. बाय आता दुसरीत आहे. तुझ्या पोरांना सांग, इथं तीन लिप्या शिकाव्या लागतात. दोन आपल्या बाराखडीसारख्या, एकेकीत शेचाळीस अक्षरं. तिसरी चिनी चित्राक्षरांची, ती पहिलीत ८०, दुसरीत १६०, आणि सहावी संपेपर्यंत १०२६. एक झाड काढलं की ‘झाड’. दोन झाडं शेजारी काढली की राई. तीन झाडं रचली की जंगल. हे मला फार आवडलं. मग मीच तिला विचारलं, आपल्या खानापूरला किती झाडं काढायची? ती म्हणाली, ‘वही संपेल.’

पाढे दुसरीतच सुरू होतात, पण नवाचा पाढा झाला की खेळ खलास, एक्क्याऐंशीच्या पुढं काही नाही. तिसापर्यंत पाढे आणि वर बाबांची पावकी-निमकी घोकलेल्या बाईला हे ऐकून राग आला. सगळं ऊर फोडून आपणच का पाठ केलं? पण हिशोबात हे लोक चुकत नाहीत, हेही मान्य केलं पाहिजे.

संगीताच्या तासाला फुंकायची पेटी आहे, तोंडात नळी धरायची आणि बोटांनी पट्ट्या दाबायच्या. या गावात पियानोचे कारखाने, त्यामुळं त्याचा भारी डौल. आमच्या घरी संध्याकाळी काय होतं ते विचारू नको.

वर्गात दोन ब्राझीलची पोरं आहेत. इथल्या कारखान्यांत ब्राझीलहून आलेले लोक पुष्कळ आहेत. ती दोघं आणि बाय, तिघांना आठवड्यातून काही तास वेगळ्या खोलीत बसवून जपानी शिकवतात. गेल्या वर्षी ही तिथं अगदी मुकी बसायची. घरी येऊन मात्र बडबड. मला तिच्या बाईंनी बोलावून विचारलं, काळजी वाटते का? मी म्हटलं, नाही. खरंच वाटत नव्हती. कारण त्या बाकावर मी बसून आले आहे.

तिसरीत कन्नडच्या बाई आल्या तो दिवस आठवतो काय तुला? तू तेव्हा सातवीत. आमच्या वर्गात सगळी मराठी पोरं. बाई आल्या, ‘ओदु’ म्हणाल्या, म्हणजे वाच. मी कुठं ओढू ते शोधत राहिले. महिनाभर माझं उत्तर एकच, ‘गोत्तिल्ल’. माहीत नाही. ते मात्र मी फार सुंदर म्हणायची. मग उक्तलेखन आलं. तुला ठाऊक आहे, कन्नडात ‘ओ’ दोन. एक आखूड, एक लांब. आपल्या मराठीला त्याचं सोयरसुतक नाही. बाईंनी सांगितलं, ‘नीरु कोडु’, म्हणजे पाणी दे. त्यातला ओ आखूड. मी ठोकला लांब. लांब ओचा ‘कोडु’ म्हणजे शिंग. पाण्याचं शिंग! बाईंनी वही बघितली, मारलं नाही, डोक्यावर दोन बोटं धरून शिंगं करून दाखवली. सगळा वर्ग हसला. पुढं कितीतरी दिवस पोरं मला बघून शिंगं करायची. पण त्यानंतर आखूड-लांब मी आयुष्यात चुकले नाही.

म्हणजे असं मला वाटत होतं. जपानीतही हीच भानगड आहे. ‘ओबासान’ म्हणजे मावशी, काकू. मधला ‘बा’ जरा लांबवला, ‘ओबाआसान’ केलं, की आजी. चौकात झेंडा धरायला माझ्याबरोबर एक पन्नाशीच्या बाई असतात, केस रंगवून नीटनेटक्या. मी सकाळी सकाळी लवून म्हटलं, ‘आजी, नमस्कार.’ त्या हसल्या, पण जरा कमीच हसल्या. बायनं माझा हात चिमटला आणि पुढं रांगेत जाता जाता मागं वळून डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली. शिंगांची गोष्ट मीच तिला सांगितली होती. भोगा आता.

बरं, जेवण. तुझी पोरं याचीच वाट बघत असतील. महिन्याच्या आधी घरी पत्रक येतं, कुठल्या दिवशी काय, त्यात काय काय घातलंय, सगळं छापलेलं. मी लाल पेन घेऊन बसते, गाय आणि डुक्कर शोधते. त्या दिवशी डबा. कोंबडी, मासे चालतात, तेव्हा शाळेतलं. जेवण शाळेतच शिजतं. वाढतात मात्र पोरंच. पाळी लावलेली असते. पाळीची पोरं पांढरा डगला, पांढरी टोपी, तोंडाला मास्क, आणि पातेली उचलून आणतात. डावानं वाढतात. सगळ्यांचं वाढून झालं की हात जोडून एकदम ‘इतादाकिमास’, आपल्या ‘वदनी कवळ’सारखं, पण एका शब्दात. आणि रोज, अगदी रोज, २०० मिली दूध. भाताबरोबर. माशाबरोबर! आईला हे सांगू नको, किंवा सांगच. मासे खाऊन दूध प्यायलं तर अंगावर कोड उठतं, असं म्हणून तिनं आपल्याला किती वेळा तांब्या हिसकावून घेतला होता. इथं पिढ्यान् पिढ्या पोरं तेच खातात. कोड काही दिसलं नाही. तरी बायला मासळीच्या दिवशी दूध पितेस काय असं मी अजून विचारते, आणि ती हो म्हणाली की तिच्या कोपरांकडं बघते.

दादाच्या पोराला आता शाळेत दूध मिळतं, पावडरीचं, १५० मिली. २०१३ पासून सुरू आहे ना कर्नाटकात? आणि दुपारी गरम जेवण, ‘बिसी ऊट’. आपल्या वेळी काय होतं, तर महिन्याला तीन किलो तांदूळ, तोही हजेरी भरली तर. मला आठवतं, पहिल्यांदा तांदूळ आले तेव्हा बाबांनी मूठभर हातात घेऊन बघितले, वास घेतला, आणि म्हणाले, ‘भाताच्या मुलखात भात पाठवलाय बघ.’ मग ते कोंबड्यांना घातले. पण शेजारच्या घरी त्याच तांदळाची दोन दिवस पेज झाली, तेही आठवतं.

डब्याचं एक राहिलं. पहिल्यांदा डबा दिला तो चपाती आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी म्हणाली, ‘आई, भाजी दे, पण पिवळी देऊ नको.’ कुणी काही बोललं काय? ‘नाही. सगळ्यांनी बघितली.’ तेव्हापासून डब्यापुरती भाजी हळदीशिवाय होते. मला ते खटकतं, पण मी घालत नाही.

शुक्रवारी पाळीच्या पोरानं तो पांढरा डगला घरी आणायचा, धुऊन, इस्त्री करून सोमवारी न्यायचा, की पुढच्या पाळीचं पोर तोच घालतं. डगल्याला नाव नाही, नुसता नंबर. मागच्या आठवड्यात ७ नंबरचा आमच्याकडं होता. खिशाशी कुणाच्या तरी आईनं फार बारीक टाक्यांनी रफू केलंय. कुणी, ते कधीच कळायचं नाही. इस्त्री करताना मला आपल्या शाळेतला पाण्याचा माठ आठवला, आणि मग रात्री झोप लागली नाही. सगळी पोरं वगराळं बुडवून पाणी घ्यायची. त्या चार-पाच पोरांना मात्र कुणीतरी वरनं ओतायचं, ती ओंजळ धरायची. कुणी शिकवलं होतं आपल्याला? कुणीच नाही. नुसतं तसं असायचं. तू ओतायचीस, मी ओतायची. तुझ्या वर्गात आता नळ आहे, हे मला ठाऊक आहे. तरी एकदा लिहायचं होतं.

जेवण झालं की साफसफाई. दाजींनी मला तो व्हिडिओ तीनदा पाठवला, जपानी पोरं वर्ग पुसतात, बघा किती संस्कार. दाजींना म्हणावं, आपल्या शनिवारच्या सकाळच्या शाळेत काय व्हायचं? वर्ग आपणच सारवायचो की! शेण आणायचं, कालवायचं, बोटांची नक्षी उठली पाहिजे. फरक एवढाच की शेण पोरींकडं आणि पोरगे विहिरीवर पाणी शेंदायच्या नावाखाली पोहायला. इथं पोरगेही फडकं घेऊन, ढुंगण वर करून, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत पुसतात. शर्यतच लावतात. पंधरा मिनिटं गाणं वाजतं, गाणं संपलं की फडकं खाली.

फडकी घरून शिवून द्यायची असतात. जुना टॉवेल दुमडून शिवायचा. मी काय केलं, आईचं जुनं लुगडं माझ्याकडं आहे ना, त्याचा तुकडा मध्ये घातला आणि वाकळेचा टाका घातला, धावदोरा, ओळीनं. बायच्या बाईंनी ते फडकं उलटंपालटं करून बघितलं. म्हणाल्या, आमच्याही आज्या असंच शिवायच्या. आईला सांग, तिच्या लुगड्यानं जपानची फरशी पुसली जाते. ती आधी शिव्या घालेल, मग चार घरी सांगेल.

खुर्चीवर एक जाड उशी असते. ती उशी नव्हे, भूकंपाची टोपी आहे. इथं कधीही जमीन हलेल असं धरूनच चालतात. घंटा झाली की पोरं उशी डोक्यावर चढवून बाकाखाली. वर्षातनं कितीदा तरी हा सराव होतो. पहिल्यांदा बाय रडत आली होती. आता घरीही बाथरूममध्ये दार नीट लागलं नाही तर मला सांगते, दार उघडं ठेव, भूकंपात अडकतं.

तिसाच्या आसपास पोरं वर्गात, अडीच-तीनला शाळा सुटते, संध्याकाळी पाचला गावभर भोंग्यावरनं एक सूर वाजतो, की खेळणारी पोरं घरी. सुट्ट्यांचं म्हणशील तर आता तिन्हीकडं तीन तऱ्हा झाल्या. सीमाभागातल्या ८६५ गावांत आपलं गाव म्हणून दाखला मिळाला, तू महाराष्ट्रात डी.एड.ला गेलीस आणि तिकडचीच झालीस, तेव्हापासून तुला सुट्टी दिवाळीत. दादाच्या पोराला दसऱ्यात. त्याची शाळा जूनच्या तोंडाला सुरू, तुझी अर्धा जून गेल्यावर. मधल्या पंधरा दिवसांत तुझी पोरं गावाकडं येऊन त्याला खिडकीतनं वेडावून दाखवायची, हे त्यानं मला फोनवर रडून सांगितलं होतं. आणि आमची सुट्टी जुलैच्या विसापासून ऑगस्ट संपेपर्यंत. तीन भावंडांची पोरं एका सुट्टीत कधी जमायची, हा हिशोब पावकी-निमकीनंही सुटत नाही.

आता शेवटचं. हे पोरांना वाचलंस तरी चालेल.

इथं रोज घरचा अभ्यास एकच, मोठ्यानं धडा वाचायचा. आईनं किंवा बापानं समोर बसून ऐकायचं आणि कार्डावर सही करायची. आवाज खणखणीत होता काय, अडखळली काय, त्याला गोल किंवा त्रिकोण. मी संध्याकाळी पोळ्या लाटत ऐकते आणि पिठाच्या हातानं सही करते. शाळेतनं येणारी पत्रकंही तीच वाचते. कारण मला अक्षरं अजून फार येत नाहीत. पण इथं वर्षभर सकाळी बेकरीत काम केलंय, तर कानावर पडून शब्द पुष्कळ कळतात, ‘मुदत’, ‘भरणा’, ‘दाखला’ असले मोठ्या माणसांचे. ते तिला कळत नाहीत. म्हणजे ती वाचते, तिला कळत नाही. मी वाचू शकत नाही, मला कळतं.

आक्का, आपल्या घरात हेच चालायचं. केईबीचं विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, शेताचा उतारा, सगळं कन्नडात. बाबांना वाचायला ‘अ’सुद्धा येत नव्हता. पण बेळगावच्या बाजारात आयुष्य गेलं, बोललेलं सगळं समजायचं. मग रात्री चिमणी पुढ्यात ओढून ते मला बसवायचे. मी अक्षर अक्षर जोडून वाचायची, त्यातलं ओ की ठो मला कळायचं नाही. बाबा डोळे मिटून मान हलवायचे. ‘हां. पुढं.’ ‘हां. परत एकदा.’ मला तेव्हा वाटायचं, बाबा माझा अभ्यास घेतात. मी बरोबर वाचते काय ते बघतात. पुढं कितीतरी वर्षं मी मैत्रिणींना सांगायची, माझे बाबा माझ्याकडनं कन्नड वाचून घ्यायचे.

मागच्या मंगळवारी एक पत्रक आलं. दुसरीतल्या पोरांनी शाळेत कुंडीत टोमॅटो लावलेत, सुट्टी लागायच्या आधी त्या कुंड्या घरी न्यायच्या आहेत. बाय वाचत होती, मी पोळी उलटत होते. ‘हां. पुढं.’ एका ठिकाणी ती थांबली. कुंडी जड असल्यामुळं ती ‘होगोशा’नं येऊन न्यावी, असं होतं.

‘आई, होगोशा म्हणजे कोण?’

‘पोराला सांभाळणारं माणूस. मी.’

‘मग तसं लिहायचं ना,’ म्हणाली, आणि पुढं वाचायला लागली.

पार्सल पाठवशील तेव्हा आमसुलं, थोडं तिखट आणि एक पाटी घाल. पत्र्याची घाल, दगडी फुटेल. पेन्सिलींचा डबा नको, चार सुट्या दे. डबा दिलास तर मी खाऊन संपवीन, तुला माझी सवय ठाऊक आहे. दाजींना नमस्कार, आईच्या पाया पडते. पोरांनी अजून काही विचारलं तर कळव. मारत नाहीत हे त्या मागच्या बाकावरच्याला आठवणीनं सांग.

तुझी,
धाकटी